माउस बाजूला ठेवून मराठी मजकुरात फिरणं: कीबोर्डचे शॉर्टकट, जोडाक्षरांसकट

सप्टेंबर म्हणजे मुंबईतल्या सोसायट्यांचा सभांचा महिना. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते, म्हणून माझ्याकडे भाषांतराला आणि तपासायला येणाऱ्या फायली याच दिवसांत एकदम वाढतात. मागे मुलुंडच्या एका सोसायटीचे सचिवकाका त्यांच्या पुनर्विकासाच्या सभेचं ३८ पानी इतिवृत्त घेऊन घरी आले. "तुम्ही नुसतं सांगा, दुरुस्त्या मीच करतो," म्हणाले आणि लॅपटॉप स्वतःकडे ओढून बसले. टायपिंग उत्तम. तरुणपणी मराठी तीसची परीक्षा दिलेली, बोटांकडे बघतसुद्धा नव्हते. पण मी "पान नऊ, दुसरा परिच्छेद, शेवटून तिसरा शब्द" म्हटलं की हात कीबोर्डवरून उठायचा, माउस शोधायचा, चाक फिरवायचा, पुढे जायचा, मागे यायचा, शब्दाच्या भलत्याच बाजूला क्लिक करायचा. दहा मिनिटांत हात चाळीसेक वेळा तरी गेला-आला असेल.

टायपिंगच्या क्लासमध्ये वेग शिकवतात. लिहून झालेल्या मजकुरात फिरायचं कसं, हे कोणी शिकवत नाही, आणि आपला निम्माअधिक वेळ जातो तो तिथेच. त्यात इंग्रजीसाठी लिहिलेले शॉर्टकटचे तक्ते मराठीत पुरे पडत नाहीत, कारण आपली जोडाक्षरं, वेलांट्या आणि रफार कर्सरला वेगळंच वागायला लावतात. त्या दिवशी काकांना जे दाखवलं तेच इथे लिहिते आहे. उदाहरणं विंडोज आणि वर्डची आहेत, कारण बहुतेकांकडे तेच असतं. मॅक आणि कोड लिहायच्या एडिटरांबद्दल शेवटाकडे थोडं.

बसण्याआधी

एखादी जुनी मोठी फाइल घ्या आणि "सराव" नावाने तिची प्रत करून ठेवा. खऱ्या फाइलवर शिकायला जाऊ नका.

आता होम, एंड, पेज अप, पेज डाउन ही चार बटणं कुठे आहेत ते बघा. लहान लॅपटॉपवर ती वेगळी नसतात. तिथे बहुधा एफएन दाबून डावा बाण म्हणजे होम, उजवा बाण म्हणजे एंड, वरचा-खालचा म्हणजे पेज अप आणि पेज डाउन. मोठ्या कीबोर्डवर उजवीकडच्या आकड्यांच्या पट्टीतही हीच बटणं दडलेली असतात. नमलॉक बंद केला की ७ होतो होम आणि १ होतो एंड. कधी होम दाबल्यावर मजकुरात ७ उमटला, तर कारण हेच.

कीबोर्ड मराठी इनस्क्रिप्टवर (भारतीय लिप्यांसाठीची प्रमाणित कळरचना) असला तरी कंट्रोलचे शॉर्टकट चालतात. कंट्रोल-एफसाठी इंग्रजीवर जायची गरज नाही. इंग्रजी अक्षरं वापरून फोनेटिक पद्धतीने लिहीत असाल तर मात्र एक गोष्ट सांभाळा: शब्द सुचवणारी छोटी चौकट उघडी असेपर्यंत बाणाची बटणं त्या चौकटीतच फिरतात. आधी स्पेस किंवा एस्केप दाबून चौकट मिटवा, मग फिरा.

पावलं लहान-मोठी

नुसत्या बाणांनी कर्सर एकेक अक्षर किंवा एकेक ओळ सरकतो. त्यापुढची पावलं अशी:

कंट्रोल धरून डावा-उजवा बाण: एकेक शब्द.
होम आणि एंड: ओळीची सुरुवात आणि शेवट.
कंट्रोल धरून वरचा-खालचा बाण: एकेक परिच्छेद.
पेज अप आणि पेज डाउन: एकेक पडदाभर.
कंट्रोल-होम आणि कंट्रोल-एंड: फाइलची सुरुवात आणि शेवट.

सर्वात जास्त फायदा पहिल्याचा. मराठीत तो इंग्रजीपेक्षाही जास्त, कारण आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात. "कार्यकारिणीच्या" हा एकच शब्द आहे, एका उडीत मागे पडतो. हेच नुसत्या बाणाने ओलांडायचं तर सहा वेळा दाबावं लागतं. इंग्रजी मजकुरात तेवढ्याच अर्थासाठी दोन-तीन उड्या माराव्या लागतात. आपल्याकडे ओळीत शब्द कमी, म्हणून उड्याही कमी.

उडी नेमकी कुठे थांबते तेही बघून ठेवा. वर्डमध्ये कंट्रोल-उजवा बाण पुढच्या शब्दाच्या सुरुवातीला नेतो. व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरमध्ये तीच उडी शब्दाच्या शेवटी थांबते, मॅकवर ऑप्शन-उजवा बाणही तसाच. दोन ठिकाणी काम करणाऱ्याच्या फायलीत शब्दांमधली जागा चुकून पुसलेली दिसते, ती बऱ्याचदा यामुळेच.

होम-एंडबद्दल एक गैरसमज असतो. लांब परिच्छेद पडद्यावर पाच ओळींत मोडलेला असेल तर होम तुम्हाला त्या दिसणाऱ्या ओळीच्या सुरुवातीला नेतो, परिच्छेदाच्या नाही. परिच्छेदाच्या सुरुवातीला जायचं तर कंट्रोल-वरचा बाण.

हीच पावलं खोडायलाही लागू आहेत. कंट्रोल-बॅकस्पेस मागचा शब्द पुसतो, कंट्रोल-डिलीट पुढचा. चुकीचा टाइप झालेला शब्द एकेक अक्षर खोडत बसण्यापेक्षा अख्खा उडवून पुन्हा लिहिणं जवळजवळ नेहमीच लवकर होतं, आणि मराठीत तर फारच. का, ते आता.

जोडाक्षराच्या पोटात

आपल्याला "क्षितिज" या शब्दात तीन अक्षरं दिसतात: क्षि, ति, ज. संगणक ते सात तुकड्यांत साठवतो: क, हलन्त (अक्षराचा पाय मोडणारी खूण), ष, पहिली वेलांटी, त, पुन्हा वेलांटी, ज. "स्त्री" हे एकच अक्षर दिसतं, आत सहा तुकडे आहेत.

वर्डमध्ये बाण दिसणाऱ्या अक्षराचा मान ठेवतो, एका दाबात क्षि ओलांडतो. डिलीटही तसंच: शब्दाच्या सुरुवातीला उभं राहून दाबलं की अख्खा क्षि जातो. बॅकस्पेस मात्र एकेक तुकडा खातो. शब्दाच्या शेवटी उभं राहून "क्षितिज" पुसायचा तर बॅकस्पेस सात वेळा, आणि सुरुवातीला उभं राहून डिलीट तीनच वेळा. हा फरक एकदा कळला की त्याचा उपयोग करून घेता येतो. नुसती वेलांटी किंवा काना बदलायचा असेल तर कर्सर अक्षराच्या मागे, म्हणजे उजव्या बाजूला ठेवा आणि एकदा बॅकस्पेस. वेलांटी गेली, अक्षर राहिलं. अख्खं जोडाक्षर घालवायचं असेल तर कर्सर त्याच्या आधी आणि एकदा डिलीट.

पहिली वेलांटी दिसते अक्षराच्या डावीकडे, पण साठवली जाते अक्षराच्या नंतर. म्हणून "दिन"मधली वेलांटी काढायला कर्सर वेलांटी आणि द यांच्या मध्ये नेण्याची धडपड करू नका. तिथे जागाच नाही. दि च्या उजवीकडे उभे राहा आणि बॅकस्पेस.

रफार याच्या उलट चालतो. तो दिसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर, पण टाइप होतो त्या अक्षराच्या आधी. काकांच्या इतिवृत्तात "पुनर्विकास" हा शब्द ठिकठिकाणी "पुर्नविकास" असा होता. (मुंबईत नाक्यानाक्यावरच्या फलकांवर ही चूक इतकी दिसते की कधीकधी मलाच बरोबर शब्द चुकीचा वाटतो.) ती दुरुस्त करायची रीत पायरीपायरीने:

१. कर्सर शब्दात कुठेही असू द्या. कंट्रोल-डावा बाण एकदा; कर्सर शब्दाच्या सुरुवातीला येतो. आधीच सुरुवातीला असाल तर ही पायरी सोडा, नाहीतर मागच्या शब्दावर जाल.
२. उजवा बाण एकदा. पु ओलांडला.
३. डिलीट एकदा. र्न हे जोडाक्षर रफारासकट गेलं. आता "पुविकास" उरलं.
४. न, र, हलन्त असं टाइप करा. इनस्क्रिप्टवर ती व्ही, जे आणि डी ही बटणं. हलन्त पडताच र पुढच्या वि वर रफार होऊन बसतो.

माउसने हेच करायला गेलात तर र्न च्या आत क्लिकच होत नाही, आणि मागून बॅकस्पेस मारला तर आधी न जातो आणि उरलेला र् लगेच पुढच्या वि वर चढतो. फोनेटिकवाल्यांनी या भानगडीत पडू नये. शब्दाच्या सुरुवातीला जाऊन कंट्रोल-डिलीट आणि शब्द नव्याने.

सगळ्याच प्रोग्रामांत बाण जोडाक्षर एका दमात ओलांडतो असं नाही. काही ठिकाणी तो हलन्ताशी अडखळतो, कर्सर क्ष च्या मधोमध उभा राहिल्यासारखा दिसतो. याला कारण आहे. एक "अक्षर" कुठे संपतं हे ठरवणाऱ्या युनिकोडच्या (सगळ्या लिप्या संगणकात साठवण्याच्या जागतिक मानकाच्या) सर्वसाधारण नियमांत हलन्तानंतर तुकडा पडायचा. देवनागरीसारख्या लिप्यांतलं जोडाक्षर अखंड धरावं हा नियम त्यात आला २०२३च्या १५.१ या आवृत्तीत. प्रत्येक प्रोग्राम आपापल्या सोयीने नवे नियम उचलतो, तोवर हे चालायचंच. बाण दाबूनही कर्सर हलला नाही असं वाटलं तर बटण बिघडलेलं नसतं. एखाद्या न दिसणाऱ्या तुकड्यावरून तो गेलेला असतो.

आणि जुन्या फायली. गिरगाव-दादरच्या छापखान्यांतून येणाऱ्या पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या फायली युनिकोडमध्ये नसतात. त्या जुन्या फॉन्टांत मराठी अक्षराचा आकार इंग्रजी अक्षराच्या किंवा विरामचिन्हाच्या जागी बसवलेला असतो. कृतीदेवमध्ये तर "य" बसवलाय अर्धविरामाच्या चिन्हावर. मग कंट्रोल-बाण "य"पाशी शब्द संपला असं समजून थांबतो, "कार्यालय"सारख्या शब्दात मधेच अडकतो. अशा फाइलवर शॉर्टकटांचा राग काढू नका. आधी ती युनिकोडमध्ये बदलून घ्या, मगच तपासायला बसा.

शिफ्ट जोडला की निवड

वरच्या कुठल्याही पावलाला शिफ्ट जोडा, जितकं चालाल तितकं सिलेक्ट होतं. कंट्रोल-शिफ्ट-उजवा बाण एक शब्द, शिफ्ट-एंड ओळीच्या शेवटापर्यंत, कंट्रोल-शिफ्ट-खालचा बाण परिच्छेदाच्या शेवटापर्यंत. जास्त निवडलं गेलं तर शिफ्ट न सोडता उलटं या.

वर्डमध्ये एफ८ नावाचं एक विसरलेलं बटण आहे. एकदा दाबलं की निवड सुरू, दुसऱ्यांदा शब्द, तिसऱ्यांदा वाक्य, चौथ्यांदा परिच्छेद, पाचव्यांदा सगळी फाइल. एकदा एफ८ दाबून मग पूर्णविराम दाबला तर पुढच्या पूर्णविरामापर्यंत निवड होते. एस्केप दाबून बाहेर पडायला विसरू नका, नाहीतर बाण दाबाल तिथवर सगळं निळं होत जातं आणि माणूस घाबरतो.

इतिवृत्तवाल्यांसाठी खास: ठराव क्रमांक ६ चुकून ५ च्या आधी लिहिला गेलाय? कापाकापी नको. कर्सर त्या परिच्छेदात ठेवा, ऑल्ट-शिफ्ट धरा आणि खालचा बाण दाबा. अख्खा परिच्छेद एक जागा खाली सरकतो. काकांनी हे पाहिलं आणि लगेच चार वेळा खाली-वर करून बघितलं.

शोधणं म्हणजेच जाणं

कंट्रोल-एफ आपण "आहे का" हे बघायला वापरतो. मी तो प्रवासाला वापरते. दूरच्या जागी जायचं असेल आणि तिथला एखादा दुर्मीळ शब्द आठवत असेल तर पान शोधण्यापेक्षा तो शब्द टाइप करणं सोपं. वर्डमध्ये शोधाची चौकट बंद केल्यावरही शिफ्ट-एफ४ पुढच्या सापडलेल्या जागी नेतं. नोटपॅडमध्ये आणि बऱ्याच इतर ठिकाणी तेच काम एफ३.

शब्द निवडताना विभक्ती लक्षात ठेवा. "सभा" शोधलंत तर "सभेत", "सभेपुढे" सापडणार नाहीत, आणि "सभासद" मात्र शंभर सापडतील. मी आधी "सभे" शोधते, मग "सभा" लिहून पुढे एक स्पेस देते.

त्याहून फसवा प्रकार "दुसऱ्या", "तिसऱ्या", "कुऱ्हाड" अशा शब्दांचा. त्यातला अर्धा र दोन तऱ्हांनी साठवलेला असू शकतो. एक, खालचा टिंब असलेला ऱ, मग हलन्त, मग य; इनस्क्रिप्टवर हा ऱ शिफ्ट-जे वर मिळतो. दुसरी, साधा र, हलन्त, मग झीरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं चिन्ह, मग य. डोळ्यांना दोन्ही सारखेच. शोधणाऱ्या यंत्राला ते दोन वेगळे शब्द. "ॲ" आणि अ वर चंद्र देऊन केलेला "अॅ" यांचंही तसंच. त्यामुळे समोर दिसणारा शब्द "सापडला नाही" म्हणून आला तर पुन्हा टाइप करू नका. फाइलमधूनच तो शब्द उचलून शोधाच्या चौकटीत चिकटवा. आणि कंट्रोल-एच ने बदलताना दोन्ही रूपं एकेकदा चालवा.

पान क्रमांक माहीत असेल तर कंट्रोल-जी, आकडा, एंटर. +४ लिहिलं तर चार पानं पुढे. आकडे देवनागरीत उमटत असतील तर विंडोज-स्पेस दाबून तेवढ्यापुरते इंग्रजीवर या.

परत येण्यासाठी खूण ठेवायची तर माझी युक्ती साधी आहे: जिथे आकडा किंवा नाव नंतर भरायचंय तिथे "ळळळ" लिहायचं. मराठीत ळ ने सुरू होणारा शब्द नाही आणि तीन ळ लागोपाठ कुठे येत नाहीत. संध्याकाळी फाइल पाठवण्याआधी ळळळ शोधते. एकदा ते न शोधताच फाइल पाठवली होती आणि सभेत कोणीतरी "विकासकाने ळळळ चौरस फूट देण्याचे मान्य केले" असं मोठ्याने वाचलं. तेव्हापासून विसरले नाही.

फोन आला, जागा हरवली

पान ३ वरचं काही बघायला माउसचं चाक फिरवून वर गेलात तर कर्सर जागच्या जागीच असतो. एकदा डावा बाण दाबा, वर्ड तुम्हाला परत तिथे आणतो. पण वर जाऊन क्लिक केलंत, काहीतरी बदललंत, आणि आता आधीची जागा आठवत नाही? शिफ्ट-एफ५. वर्ड शेवटच्या तीन बदलांच्या जागी एकेक करून मागे नेतो. काल बंद केलेली फाइल आज उघडल्याबरोबर शिफ्ट-एफ५ दाबलं तर काल जिथे थांबलात तिथे पोचता. मला पूर्ण वर्डमध्ये एकच शॉर्टकट ठेवायला सांगितला तर मी हाच ठेवीन.

लांब कागदपत्रांत मथळ्यांना कंट्रोल-ऑल्ट-१ ने हेडिंग करून ठेवा. मग कंट्रोल-एफ ने डावीकडे उघडणाऱ्या पट्टीत मथळ्यांची यादी येते आणि तिथून उड्या मारता येतात. गूगल डॉक्समध्ये कंट्रोल-ऑल्ट धरून आधी एन मग एच दाबलं की पुढचा मथळा, पी मग एच दाबलं की मागचा.

मॅक आणि कोडवाली मंडळी

मॅकवर ऑप्शन-बाण शब्दासाठी, कमांड-डावा-उजवा ओळीच्या टोकांसाठी, कमांड-वरचा-खालचा फाइलच्या टोकांसाठी. होम दाबून नुसता मजकूर सरकतो आणि कर्सर तिथेच राहतो, यात मॅक बिघडलेला नाही. कंट्रोल-ए आणि कंट्रोल-ई परिच्छेदाच्या सुरुवातीला आणि शेवटी नेतात. ही सवय इमॅक्स या जुन्या एडिटरकडून आलेली.

व्हीएस कोडमध्ये कंट्रोल-जी ओळीच्या क्रमांकावर, ऑल्ट-डावा बाण आधीच्या जागी, ऑल्ट-वरचा-खालचा ओळ उचलून सरकवायला. कंट्रोल-वरचा बाण तिथे परिच्छेद ओलांडत नाही, नुसता पडदा सरकवतो. नोटपॅड प्लस प्लसमध्ये कंट्रोल-एफ२ ने ओळीवर खूण करा आणि एफ२ ने खुणेवरून खुणेवर जा.

विम या कीबोर्डवरच चालणाऱ्या एडिटरची गोष्ट वेगळी. बिल जॉयने १९७६ मध्ये विमचा पूर्वज व्हीआय लिहिला तो एडीएम-३ए या टर्मिनलवर, आणि त्या कीबोर्डवर बाण छापलेले होते एच, जे, के, एल याच बटणांवर. म्हणून आजही विममध्ये या चार अक्षरांनी फिरतात. ब्रॅम मूलेनारचा विम १९९१ मध्ये आला. डब्ल्यू पुढचा शब्द, बी मागचा, दोनदा जी दाबून सुरुवात, मोठा जी शेवट. अडचण एवढीच की कीबोर्ड मराठीवर असताना एच दाबलं की विमला एच मिळतच नाही, देवनागरी अक्षर मिळतं. मराठी लिहून झालं की दर वेळी इंग्रजीवर परतावं लागतं. कोडसाठी विम छान आहे, पण दिवसभर मराठी लेखन करणाऱ्याला मी तो सुचवणार नाही.

सवय कशी लावायची

सगळे एकदम पाठ करू नका. पहिला आठवडा फक्त कंट्रोल-डावा-उजवा बाण. दुसऱ्या आठवड्यात त्याला शिफ्ट जोडा. तिसऱ्यात शिफ्ट-एफ५. मी हे शिकले ठाण्याहून सुटणाऱ्या धीम्या गाडीत, बसायला जागा मिळायची तेव्हा. मांडीवर लॅपटॉप, माउसला जागा नाही, आणि गाडी हलली की टचपॅडवरचं बोट भलतीकडे जायचं. घरी तसं करायचं तर माउसची वायर काढून खणात टाका, अर्ध्या तासासाठी.

ब्राउझरमध्ये एक बटण जपून. शब्दावर उडी मारताना कंट्रोलऐवजी ऑल्ट दाबला गेला आणि त्याला डावा बाण लागला, की ब्राउझर मागच्या पानावर जातो. एका ऑनलाइन अर्जातली तासाभराची तक्रार मी अशीच घालवली आहे. लांब मजकूर आधी नोटपॅडमध्ये लिहा, मग अर्जात चिकटवा.

काकांनी निघताना एका चिठ्ठीवर चारच गोष्टी लिहून घेतल्या: कंट्रोल-बाण, ऑल्ट-शिफ्ट-बाण, शिफ्ट-एफ५ आणि "आधी डिलीट, मग न-र-हलन्त". दुसऱ्या दिवशी सकाळी फाइल आली. पुर्नविकास एकही नव्हता. पान १७ वर एक ळळळ मात्र होता.